ओव्यांचे नवे घर

गाव अजून झोपेत असतानाच घराघरांतील बाया जात्याशी बसत. एका हाताने दाण्यांची मूठ जात्याच्या तोंडात सोडावी, दुसऱ्या हाताने खुंटा ओढावा आणि त्या घरघरीच्या तालावर ओवी म्हणावी, असा त्यांचा नित्यक्रम असे. त्या ओव्यांत माहेर असे, भाऊराया असे, पंढरीचा विठोबा असे. आणि उघडपणे कोणापाशी बोलता येत नाही, असे दुःखही असे. ह्या ओव्या कोणी कागदावर लिहून ठेवल्या नव्हत्या. आईकडून लेकीला आणि सासूकडून सुनेला अशा त्या तोंडी चालत आल्या होत्या. पुढे गावोगावी पिठाच्या गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात पडली आणि ओव्या म्हणणारे कंठ एकेक करून मूक होऊ लागले.

हा ठेवा काळाच्या ओघात नाहीसा होऊ नये, म्हणून पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे, पण पुण्यात राहून कार्य करणारे गी पॉइतवाँ ह्यांनी सहकाऱ्यांच्या साहाय्याने महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून ओव्या गोळा केल्या. वीस वर्षांच्या परिश्रमांनंतर त्यांची संख्या एक लाख दहा हजारांहून अधिक भरली. पुढे ह्या ओव्या संगणकात उतरविण्यात आल्या. बर्नार्ड बेल ह्या संशोधकांनी त्यांचा व्यवस्थित माहितीसाठा तयार करण्यास मदत केली. हा संग्रह आधी हरियाणातील गुडगाव येथे होता. तेथून तो फ्रान्समधील एक्स-आँ-प्रोव्हाँस ह्या नगरात गेला. आणि २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’ ह्या संकेतस्थळावर तो क्रमाक्रमाने प्रसिद्ध होऊ लागला.

एक जाते ह्या गावाहून त्या गावी न्यायचे, तरी बैलगाडी जुंपावी लागते. मग लाखभर ओव्या एका संगणकातून दुसऱ्या संगणकात कशा जातात? वाटेत त्यांतील एखादी सांडली तर ती कशी कळावी? मुलांनो, हा प्रश्न केवळ ओव्यांचा नाही. शाळेच्या ग्रंथालयाची सूची असो, दुकानाची खतावणी असो वा रुग्णालयातील नोंदी असोत, आज ही सर्व माहिती संगणकात राहते आणि कधी ना कधी तिला घर बदलावे लागते. हे घर बदलणे कसे घडते, ते आज आपण पाहू.

समजा, एका खेड्यातील शाळेच्या मुलांनी असाच उद्योग आरंभिला. सहावीत असताना त्यांनी वह्या घेतल्या आणि आपल्या आज्या, शेजारच्या वृद्ध बाया ह्यांच्याकडे जाऊन ओव्या उतरवून घेण्यास प्रारंभ केला. सातवी संपेपर्यंत ३७ बायांनी सांगितलेल्या १,२४८ ओव्या जमल्या. काहींचे ध्वनिमुद्रणही झाले. मात्र काम पुरे होण्याआधीच त्या ३७ जणींपैकी दोघी हे जग सोडून गेल्या. त्यांनी सांगितलेल्या ओव्या आता दुसऱ्या कोणाच्याही मुखी नाहीत. वह्यांतील पेन्सिलीची अक्षरे पुसट होत चालली आहेत. त्या ओव्या नीट वाचता येतील अशा एकाच ठिकाणी उरल्या आहेत, आणि ते ठिकाण म्हणजे शाळेचा संगणक.

मुलांनी ह्या ओव्यांचे एक सुंदर संकेतस्थळ तयार केले. परंतु ते केवळ त्या एका संगणकावरच उघडते. मुंबईस नोकरी करणाऱ्या मामाला किंवा सुरतेस राहणाऱ्या आत्याला ते दिसत नाही. ह्याचे कारण सोपे आहे. शाळेचा संगणक सायंकाळी बंद होतो. कधी वीज जाते, तेव्हा तो दिवसाही बंद पडतो. शिवाय बाहेरच्या जगाने त्याच्यापर्यंत यावे, अशी वाटही त्याला ठेवलेली नसते. संकेतस्थळ सर्वांना दिसावयाचे असेल, तर ते अहोरात्र चालू असणाऱ्या आणि इंटरनेटवर ज्याचा पत्ता सर्वांना ठाऊक आहे, अशा संगणकावर ठेवावे लागते. अशा संगणकाला ‘सर्व्हर’ म्हणतात. आणि त्यावरील जागा भाड्याने देण्याच्या व्यवसायाला ‘होस्टिंग’ असे नाव आहे. म्हणजे मुलांना आता ओव्यांसाठी भाड्याचे घर पाहावयाचे आहे.

बिऱ्हाड हलविण्यापूर्वी घरात काय काय आहे, ह्याची मोजदाद करावी लागते. अशा संकेतस्थळाचे दोन भाग असतात. पहिला भाग फायलींचा. पानांची मांडणी, चित्रे, ध्वनिमुद्रणे आणि पान कसे दाखवावे हे सांगणारे आज्ञालेख, हे सर्व फायलींच्या रूपाने असते. दुसरा भाग ‘डेटाबेस’चा, म्हणजे नीट लावून ठेवलेल्या माहितीच्या साठ्याचा. ओव्यांचे शब्द, गायिकांची नावे, गावे, ही सारी माहिती तेथे असते. नवशिके पुष्कळदा पहिला भाग नेतात आणि दुसरा विसरतात. कारण फायली डोळ्यांना दिसतात आणि डेटाबेस सहसा दिसत नाही. मग नव्या जागी संकेतस्थळ उघडावे, तो डेटाबेस सापडत नाही, एवढीच सूचना पडद्यावर दिसते. घर पोहोचले, पण घरातील माणसे मागे राहिली, अशी ती अवस्था होय.

आता डेटाबेसच्या आत डोकावू. मुलांच्या डेटाबेसमध्ये तीन तक्ते आहेत. पहिल्या तक्त्यात गायिकांची नावे आहेत आणि प्रत्येक नावापुढे एक क्रमांक आहे. दुसऱ्या तक्त्यात गावे आहेत. त्यांनाही क्रमांक आहेत. तिसरा तक्ता ओव्यांचा. त्यात प्रत्येक ओवीपुढे गायिकेचे संपूर्ण नाव पुन्हा लिहिलेले नाही. केवळ तिचा क्रमांक लिहिला आहे. ओवी म्हणते, ‘मी पाचव्या क्रमांकाच्या बाईंची.’ मग संगणक पहिल्या तक्त्यात जाऊन पाचवा क्रमांक कोणाचा ते पाहतो. ह्यामुळे एकच नाव शंभर ठिकाणी लिहावे लागत नाही, आणि नावात चूक आढळली तर ती एकाच जागी सुधारता येते. परस्परांशी क्रमांकांनी जोडलेल्या तक्त्यांची ही कल्पना ई. एफ. कॉड ह्या गणितज्ञांनी १९७० मध्ये मांडली. ते त्या वेळी आय.बी.एम. ह्या कंपनीत संशोधक होते.

अशा तक्त्यांना प्रश्न विचारण्यासाठी व आज्ञा देण्यासाठी एक भाषा हवी होती. त्याच कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस ह्यांनी ती १९७४ मध्ये सर्वांपुढे ठेवली. आज तिला एस.क्यू.एल. म्हणतात. ही भाषा जाणणारे आणि तक्त्यांची राखण करणारे अनेक कार्यक्रम आहेत. त्यांपैकी मायएसक्यूएल हा १९९५ मध्ये प्रथम बाहेर आला. त्याच्या कर्त्यांपैकी एक मायकेल विडेनियस ह्यांनी आपल्या थोरल्या मुलीचे नाव त्याला दिले. पुढे त्याचाच एक भाऊबंद २००९ मध्ये निर्माण झाला, त्याला त्यांच्या धाकट्या मुलीच्या नावावरून मारियाडीबी हे नाव मिळाले. आपल्या गोष्टीतील शाळेच्या संगणकावरही असाच एक कार्यक्रम आहे, असे समजा.

येथे एखादा मुलगा विचारील, “डेटाबेस तरी शेवटी फायलींतच साठविलेला असणार ना? मग त्या फायली उचलून नव्या संगणकावर ठेवल्या की झाले!” प्रश्न चांगला आहे. परंतु तसे करण्यात धोका असतो. डेटाबेस चालू असताना त्याची काही माहिती तबकडीवर उतरलेली असते, तर काही अजून संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत असते. अशा क्षणी फायली उचलल्या, तर अर्धवट लिहिलेले पान फाडून नेल्यासारखे होईल. शिवाय त्या फायलींची अंतर्गत रचना त्या कार्यक्रमाच्या आवृत्तीप्रमाणे बदलू शकते. ह्या घरची किल्ली त्या घरच्या कुलपाला लागेलच, असा भरवसा नसतो.

म्हणून जाणते लोक निराळी युक्ती योजतात. ते डेटाबेस उचलत नाहीत. तो पुन्हा कसा उभारावा, ह्याची लेखी आज्ञापत्रिका तयार करून घेतात. ह्या क्रियेला ‘एक्स्पोर्ट’ म्हणजे निर्यात म्हणतात. आज्ञा मिळताच कार्यक्रम एक साधी मजकुराची फाईल लिहून देतो. तीत एस.क्यू.एल. भाषेत ओळीमागून ओळ सूचना असतात. त्यांचा मराठीत आशय असा: ‘ओव्या नावाचा तक्ता तयार कर. त्यात क्रमांक, गायिकेचा क्रमांक, गावाचा क्रमांक आणि ओवी असे चार स्तंभ ठेव. आता त्यात पहिली ओळ भर. आता दुसरी भर.’ असे करीत करीत ती १,२४८ व्या ओवीपर्यंत जाते. नव्या सर्व्हरवरील कार्यक्रमाने ही पत्रिका वाचावी आणि तिच्यातील प्रत्येक आज्ञा पाळावी, म्हणजे तोच डेटाबेस तेथे नव्याने उभा राहतो. ह्याला ‘इम्पोर्ट’ म्हणजे आयात असे नाव आहे.

ह्यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येईल. जाते हलविले की ते जुन्या जागी उरत नाही. माहितीचे तसे नसते. ती हलत नाही. दुसऱ्या जागी पुन्हा लिहिली जाते. जुन्या जागी ती जशीच्या तशी असते. ह्यात मोठा लाभ आहे, तसाच एक धोकाही आहे. लाभ हा की, नव्या जागी काही बिघडले तरी मूळ प्रत हाती राहते. धोका हा की, पुन्हा लिहिताना लेखनिकाच्या हातून जशा चुका होतात, तशा येथेही होऊ शकतात. म्हणून ताडून पाहणे हा ह्या कामाचा प्राण होय.

प्रत्यक्ष निर्यात करण्यापूर्वी मुलांनी एक नियम पाळला पाहिजे. निर्यातीची वेळ ठरवावी आणि त्या क्षणापासून जुन्या संगणकात एकही नवी ओवी भरू नये. समजा, सकाळी दहा वाजता पत्रिका लिहून झाली आणि अकरा वाजता कोणी उत्साहाने आणखी दोन ओव्या जुन्या जागी भरल्या. पत्रिकेत त्या नसणार. नव्या घरी त्या कधीच पोहोचणार नाहीत, आणि त्या हरवल्या हेही कोणाला कळणार नाही. मुक्कामाहून गाडी निघाल्यावर फलाटावर ठेवलेले गाठोडे गाडीत कसे येणार?

पत्रिका तयार झाल्यावर तिच्या दोन प्रती कराव्या. एक शाळेत ठेवावी. दुसरी पेन ड्राइव्हवर घेऊन शाळेबाहेर, गुरुजींच्या घरी ठेवावी. एकाच छपराखाली सर्व प्रती ठेवल्या, तर एकाच आगीत किंवा एकाच पुरात त्या सर्व नष्ट होऊ शकतात.

आता नव्या घरी जाऊ. होस्टिंगवर प्रथम एक रिकामा डेटाबेस निर्माण करावा लागतो. त्याला नाव द्यावे लागते, त्याच्यासाठी एक वापरकर्ता नेमावा लागतो आणि त्या वापरकर्त्यास कठीण पासवर्ड द्यावा लागतो. पुष्कळ होस्टिंगवर ह्या नावांच्या मागे आपल्या खात्याचे नाव आपोआप जोडले जाते. म्हणून शाळेच्या संगणकावरील नाव आणि येथील नाव एकच असेल, असे गृहीत धरू नये. जे नाव पडद्यावर दिसेल, ते अक्षरशः टिपून घ्यावे. ह्या वापरकर्त्यास केवळ त्या एका डेटाबेसवर अधिकार द्यावा. ज्याला एका खोलीचे काम आहे, त्याच्या हाती साऱ्या वाड्याच्या किल्ल्या देऊ नयेत.

रिकाम्या डेटाबेसमध्ये पत्रिका आयात करताना पहिली अडचण बहुधा आकाराची येते. हे काम पुष्कळदा पीएचपीमायअ‍ॅडमिन नावाच्या साधनाने, संकेतस्थळाच्या पानावरूनच केले जाते. हे साधन ज्या पीएचपी भाषेत लिहिलेले आहे, तिच्या मूळ मांडणीत एका वेळी वर चढविण्याच्या फायलीची मर्यादा अवघी २ एमबी ठेवलेली असते. होस्टिंग चालविणारे ती वाढवू शकतात. तरीही मर्यादा ही असतेच. पत्रिका तिच्याहून मोठी असली की दारातून कपाट आत जाऊ नये, तसे होते. अशा वेळी तीन उपाय असतात. पत्रिका दाबून लहान करावी. मजकुरात तेच तेच शब्द वारंवार येत असल्यामुळे ती पुष्कळ लहान होते. किंवा तक्त्यामागून तक्ता अशा लहान लहान पत्रिका कराव्या. किंवा सर्व्हरला थेट लेखी आज्ञा देऊन, त्या दाराने न जाता, काम करावे.

दुसरी अडचण अधिक कपटी आहे, आणि मराठी माणसाने तर ती अवश्य जाणली पाहिजे. संगणकाला अक्षरे ठाऊक नसतात; त्याला केवळ अंक ठाऊक असतात. प्रत्येक अक्षराला व चिन्हाला एक अंक ठरवून द्यावा लागतो. पूर्वी देवनागरीसाठी निरनिराळे टंक आणि निरनिराळे संकेत वापरात होते. एका संगणकावर लिहिलेले दुसऱ्यावर वाचता येईलच, अशी शाश्वती नव्हती. पुढे जगातील लिप्यांसाठी ‘युनिकोड’ हा एक सामायिक संकेत निर्माण झाला. १९९१ मधील त्याच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीस स्थान मिळाले. त्याप्रमाणे ‘अ’ चा अंक २३०९ आहे, ‘क’ चा २३२५ आहे आणि ‘ज’ चा २३३२ आहे. हे अंक साठविण्याची आज सर्वांत रूढ पद्धत म्हणजे ‘यूटीएफ-८’. तिच्यात इंग्रजी अक्षराला एक बाइट जागा पुरते, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘ओवी’ ह्या शब्दात ओ, व आणि दीर्घ वेलांटी अशी तीन चिन्हे आहेत. म्हणून तो नऊ बाइट जागा घेतो.

मायएसक्यूएलच्या जुन्या आवृत्त्या मात्र, आपण निराळे सांगितले नाही, तर ‘लॅटिन-१’ नावाचा संकेत धरून चालत. तो पश्चिम युरोपातील भाषांसाठी होता. त्यात देवनागरीला जागाच नव्हती. २०१८ मध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीपासून ही स्थिती पालटली आणि ‘यूटीएफ-८’ ची पूर्ण पद्धत हीच मूळ मांडणी झाली. तरी पत्रिका लिहिताना, नवा डेटाबेस निर्माण करताना आणि ती वाचून घेताना, अशा तिन्ही वेळी संकेत एकच आहे ना, हे पाहावे लागते. तिघांपैकी एकाने जरी निराळा संकेत धरला, तर अनर्थ होऊ शकतो.

हा अनर्थ दोन प्रकारचा असतो. कधी पडद्यावर अर्थहीन परकी अक्षरे दिसतात. हे दृश्य भयंकर वाटते. परंतु पुष्कळदा मूळ बाइट आत सुरक्षित असतात, केवळ वाचणारा चुकीच्या संकेताने वाचत असतो. वाचण्याची रीत सुधारली की ओवी पुन्हा प्रकट होते. दुसऱ्या प्रकारात केवळ प्रश्नचिन्हे दिसतात. ‘जाते’ ह्या शब्दाच्या जागी ‘????’ उमटते. ही प्रश्नचिन्हे डेटाबेसमध्येच लिहिली गेली असतील, तर मात्र गोष्ट गंभीर आहे. संगणकाला जे चिन्ह साठविता आले नाही, त्याच्या जागी त्याने प्रश्नचिन्ह लिहिले आणि मूळ चिन्ह टाकून दिले. त्या चार प्रश्नचिन्हांतून ‘जाते’ परत मिळविणे कोणासही शक्य नाही. त्या वेळी जुनी प्रत हाती नसेल, तर त्या दोन वृद्ध बायांच्या ओव्या कायमच्या गेल्या असे समजावे.

तिसरी अडचण पत्त्याची. प्रत्येक संगणक स्वतःला ‘लोकलहोस्ट’ म्हणतो. त्याचा अंकांतील पत्ता १२७.०.०.१ असा असतो. हा शब्द आपल्या ‘मी’ सारखा आहे. तुम्ही ‘मी’ म्हणालात की तो शब्द तुम्हांला लागू होतो. मी ‘मी’ म्हणालो की मला. शाळेच्या संगणकावर संकेतस्थळ तयार करताना ध्वनिमुद्रणांचे पत्ते ‘लोकलहोस्टवरील अमुक फाईल’ असे लिहिले गेले असतील, तर नव्या घरी ते बदलले पाहिजेत. नाही तर सुरतेच्या आत्याने ओवी ऐकण्यासाठी कळ दाबली की तिचा संगणक ती ओवी स्वतःतच शोधू लागेल, आणि ती तेथे कोठून असणार?

हे पत्ते बदलतानाही घाई करून चालत नाही. वर्डप्रेससारख्या संकेतस्थळ उभारण्याच्या साधनात काही नोंदी अशा असतात की, शब्दाबरोबर त्याची लांबीही लिहिलेली असते: ‘पुढे सोळा अक्षरांचा मजकूर आहे’ आणि मग तो मजकूर. आपण पत्ता बदलून तो चोवीस अक्षरांचा केला आणि सोळा हा आकडा तसाच ठेवला, तर हिशेब जुळत नाही आणि ती संपूर्ण नोंद वाचता येईनाशी होते. ह्यासाठी लांबीचा आकडाही जुळवून घेणारी साधने वापरावी लागतात. त्याचप्रमाणे संकेतस्थळाच्या एका फायलीत डेटाबेसचे नाव, वापरकर्ता, पासवर्ड आणि डेटाबेस ज्या संगणकावर आहे त्याचे नाव, अशा चार गोष्टी लिहिलेल्या असतात. त्या नव्या घराप्रमाणे बदलल्या की संकेतस्थळ आणि डेटाबेस ह्यांची गाठ पडते.

आता संकेतस्थळ उघडले. पहिले पान झळकले. मुलांनी टाळ्या वाजविल्या. काम झाले का? नाही, आता तर खऱ्या परीक्षेस आरंभ झाला. प्रथम मोजणी करावी. जुन्या डेटाबेसमध्ये ओव्या १,२४८ होत्या; नव्या जागीही तितक्याच आहेत का? गायिका ३७ च आहेत का? समजा, मोजणीत १,२४१ ओव्या भरल्या. आकडे जवळजवळ सारखे आहेत, एवढ्याने समाधान मानू नये. कोठे तरी सात ओव्या राहिल्या आहेत. कदाचित पत्रिका वाचता वाचता मध्येच थांबली असेल. त्या सापडेपर्यंत शोध घ्यावा. आकडे जुळले, तरी अक्षरे पाहावी. पहिली ओवी वाचावी, शेवटची वाचावी, मधल्या काही वाचाव्या. जोडाक्षरे, अनुस्वार, रफार नीट आहेत का, ते वहीशी ताडावे. मग ध्वनिमुद्रणे ऐकावी. शेवटी एक नवी ओवी भरून पाहावी. ती योग्य गायिकेच्या नावावर पडते का, ते तपासावे.

ही तपासणी मुलांच्या कामापुरतीच आहे, असे समजू नका. ब्रिटनमधील टी.एस.बी. ह्या बँकेने एप्रिल २०१८ मध्ये आपल्या ग्राहकांची माहिती एका संगणक-व्यवस्थेतून दुसऱ्या व्यवस्थेत नेली. माहिती व्यवस्थित पोहोचली होती. परंतु नवी व्यवस्था मात्र लागलीच अडखळू लागली. बँकेचे ५२ लाख ग्राहक होते. त्यांतील पुष्कळांना आपल्याच पैशांचा व्यवहार करता येईना. कारभार पूर्ववत होण्यास त्या वर्षाचा डिसेंबर उजाडला. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये तेथील नियामक संस्थांनी ह्या हलगर्जीपणाबद्दल बँकेस ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंड दंड केला. सामान सुखरूप आले, पण नव्या घराची पाहणी पुरेशी झाली नव्हती, असे ह्या घटनेचे सार सांगता येईल.

आणखी एक दक्षता उरते. ती निर्यात केलेली पत्रिका म्हणजे साधा मजकूर असतो. ज्याच्या हाती पडेल, त्याला तो सर्व वाचता येतो. त्यात गायिकांचे पत्ते व दूरध्वनी क्रमांकही असू शकतात. म्हणून काम झाल्यावर ती सर्व्हरवरील उघड्या जागी पडू देऊ नये. तेथून ती पुसून टाकावी. ज्या बायांनी विश्वासाने आपल्या ओव्या दिल्या, त्यांची नावे प्रसिद्ध करण्यापूर्वीही त्यांची वा त्यांच्या कुटुंबीयांची संमती घ्यावी. माहिती जपणे म्हणजे केवळ ती टिकविणे नव्हे. ज्याची आहे, त्याचा मान राखणे हेही त्यात येते.

मग शाळेच्या संगणकातील जुना डेटाबेस केव्हा पुसावा? घाई करू नये. नवी चूल नीट पेटली, तिच्यावर दोन वेळचे अन्न शिजले, की मगच जुनी चूल मोडावी. आणि त्यानंतरही पत्रिकेची प्रत गुरुजींच्या घरी राहू द्यावी. ठरावीक दिवसांनी नव्या घरातील डेटाबेसचीही अशीच प्रत काढावी, आणि अधूनमधून ती एखाद्या रिकाम्या डेटाबेसमध्ये आयात करून पाहावी. न उघडलेल्या पेटीत दागिने असतीलच, असे कोण सांगू शकेल?

जात्यावर बसणाऱ्या त्या बायांकडे कागद नव्हता, संगणक नव्हता. तरीही शेकडो ओव्या एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे गेल्या. आई म्हणे, लेक ऐके. लेक म्हणे, आई ऐके आणि चुकलेला शब्द सांगे. त्यांच्याही ओव्या एका जागेहून दुसऱ्या जागी हलत नव्हत्या. आईच्या कंठी त्या राहतच होत्या आणि लेकीच्या कंठी पुन्हा उमटत होत्या. नव्या घरी उभ्या राहिलेल्या ओव्या जुन्या वहीशी ताडून पाहणारी मुले त्या आईचेच काम करीत असतात. सुरतेच्या आत्याने एखाद्या सायंकाळी ते संकेतस्थळ उघडावे, कळ दाबावी आणि आपल्या गेलेल्या आईचा आवाज घरघरत्या जात्यासह तिच्या कानी पडावा, ह्यासाठी मोजून, वाचून, ऐकून पाहण्याचे एवढे सारे कष्ट करावयाचे असतात.